४३ अंशांच्या खोलीतला गाण्यांचा कॉम्प्युटर : खान्देशातल्या एका घरगुती स्टुडिओची फेरजोडणी

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, घराच्या माडीवर दहा बाय बारा फुटांच्या खोलीत हा स्टुडिओ चालतो. दोघे भाऊ तो सांभाळतात. थोरला रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग बघतो, धाकटा कीबोर्डवर चाली बांधतो. काम मुख्यतः अहिराणी गाण्यांचे : लग्नसराईची गाणी, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी, श्रावणात कानबाईची. गायक खोलीतच उभे राहून गातात. ढोलकी, संबळ, क्वचित पावरी माईकसमोर वाजते. बाकीचा वाद्यमेळ सँपल लायब्ररीतून, म्हणजे आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या वाद्यांच्या सुरांच्या संग्रहातून येतो.

कामाचा जोर मार्च ते मे असतो, आणि नेमकी तीच खान्देशातली सगळ्यात कठीण वेळ. बाहेर पारा ४४-४५ वर, वर तापलेला स्लॅब. खोलीत डेझर्ट कूलर आहे, पण माईक उघडला की तो बंद करावा लागतो. म्हणजे कॉम्प्युटरवर सर्वांत जास्त ताण ज्या मिनिटांत येतो, त्याच मिनिटांत खोली सर्वांत गरम असते. पुढचे बरेचसे निर्णय या एका गोष्टीवरून ठरले.

जुना कॉम्प्युटर असा होता : आय-५ ४५७० प्रोसेसर, एच-८१ मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर-३ रॅम, १२० जीबी एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, एक लहान ग्राफिक्स कार्ड आणि कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). इंटरनेटसाठी यूएसबीचा वायफाय डोंगल. रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर क्युबेस. दोन माईकचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (माईकचा आवाज कॉम्प्युटरला देणारी पेटी) चांगला होता, तो तसाच ठेवायचा होता. नव्या मशीनसाठी हातात ८० हजार रुपये होते आणि त्यातच यूपीएस बसवायचा होता.

अडचण

गायिकेच्या हेडफोनमध्ये मध्येच कटकट होऊन आवाज तुटायचा. "भाऊ, आवाज तुटी ऱ्हायना," असे म्हणत टेक थांबायचा. चाळीसच्या पुढे ट्रॅक गेले की प्लेबॅक अडखळायचा. मॉनिटर स्पीकरमध्ये सतत गूं-गूं असा घुमारा असायचा आणि लाईट गेली की घरचा इन्व्हर्टर चालू असूनही कॉम्प्युटर कधीकधी बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा.

या सगळ्याचे निदान दोघांनी एकच केले होते : पीसी जुना झाला. दुकानातून सल्लाही तसाच आला : "दादा, आय-सेव्हन घ्या, आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका, दहा वर्षं बघायला नको." त्या कोटेशनमध्ये रॅम १६ जीबी होती, कॅबिनेटला पुढून बंद काच होती आणि पैशाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डात जात होता. ऑडिओच्या कामात ते कार्ड जवळजवळ काहीच करत नाही. गाण्याचे बहुतेक सर्व प्लगइन (आवाजावर संस्कार करणारी किंवा वाद्ये वाजवणारी जोड-सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर चालतात.

खरेदीआधीची तपासणी

पहिला निर्णय हा, की पैसे देण्याआधी प्रत्येक तक्रार वेगळी करून मोजायची. दोन संध्याकाळींचे काम होते. सगळ्यात जास्त फायदा इथेच झाला.

ऑडिओचा कॉम्प्युटर सरासरी किती काम उरकतो याला फारसा अर्थ नसतो, वेळेत उरकतो का याला असतो. आवाज बफर नावाच्या छोट्या तुकड्यांत हाताळला जातो. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापे (सँपल) घेताना, १२८ सँपलचा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात पुढचा तुकडा तयार झाला नाही, तर आवाज तुटतो. मग पुढचा संपूर्ण सेकंद प्रोसेसर रिकामा बसला तरी उपयोग नाही. २५६ चा बफर घेतला तर ५.३ मिलिसेकंद मिळतात, पण गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येऊ लागतो, कारण आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक बफर आणि त्यावर इंटरफेसचा स्वतःचा वेळ लागतो.

विंडोजचा टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर ४० टक्के दाखवत होता म्हणून भावांचा गोंधळ उडाला होता. चार कोअरच्या (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांच्या) प्रोसेसरमध्ये एक कोअर पूर्ण भरला तरी आकडा २५ टक्केच दिसतो. एका ट्रॅकवर एकामागोमाग लावलेले प्लगइन एकमेकांच्या निकालावर अवलंबून असतात, त्यामुळे ती साखळी एकाच कोअरवर चालते. क्युबेसमधली एएसआयओ-गार्ड ही सोय बाकीच्या ट्रॅकचे काम आधीच करून ठेवते. पण ज्या ट्रॅकवर आत्ता गायन चालू आहे त्याचे काम आगाऊ करता येत नाही, आवाज अजून यायचाच असतो. इथे नेमक्या त्याच ट्रॅकवर पिच सुधारणारा प्लगइन, दोन कॉम्प्रेसर (आवाजाची चढउतार आवरणारे) आणि रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम देणारा) लावलेले होते, आणि मास्टरवर, म्हणजे सगळ्या ट्रॅकच्या एकत्र आवाजावर, पुढचे बघून काम करणारा लिमिटर (आवाज ठरावीक पातळीपुढे न जाऊ देणारा) होता. असा लिमिटर प्रोसेसर खातोच, शिवाय स्वतःचा उशीरही वाढवतो. टेक घेताना साखळीत फक्त हलका रिव्हर्ब ठेवला आणि 'कन्स्ट्रेन डिले कॉम्पेन्सेशन' (उशीर वाढवणारे प्लगइन तात्पुरते बाजूला ठेवणारी क्युबेसची सोय) चालू केले, तेव्हा एक रुपया न खर्चता कटकट बरीच कमी झाली.

नंतर कोणता ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतो हे दाखवणारे लेटन्सीमॉन हे मोफत साधन पंधरा मिनिटे चालवले. वायफाय डोंगल लावलेला असताना नेटवर्क ड्रायव्हर मध्येच दीड हजार मायक्रोसेकंदांहून जास्त प्रोसेसर अडवत होता. २.६७ मिलिसेकंदांतला निम्म्याहून अधिक वेळ तिथेच गेला. डोंगल काढल्यावर तो उंचवटा नाहीसा झाला. नवा प्रोसेसर आणून हाच डोंगल लावला असता, तर दोष नव्या मशीनमध्येही आला असता.

प्रोसेसरचे तापमान एचडब्ल्यूइन्फो या साधनात पाहिले : टेक चालू असताना ९८ ते १०० अंश. प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवत होता. कॅबिनेट उघडल्यावर हीट सिंकच्या पात्यांवर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा घट्ट थर निघाला. गावात जिनिंग आहे आणि डेझर्ट कूलरची दमट हवा धुळीला चिकटवते. पंखा धरून ठेवून ब्लोअर मारला, वाळलेली पेस्ट स्पिरिटने पुसून नवी लावली. त्याच खोलीत तोच प्रकल्प ८४ अंशांवर आला.

रॅमचे चित्र वेगळे होते. व्हायोलिन-सनईच्या लायब्ररी उघडल्या की मागणी ११ जीबीवर जायची आणि मशीनमध्ये होती ८. उरलेले विंडोज डिस्कवर ठेवायचे आणि वाजवताना परत आणायचे. प्लेबॅक अडखळायचा तो यामुळे.

घुमाऱ्यासाठी मल्टिमीटर लावला. विजेच्या बोर्डावर फेज-न्यूट्रल २३८ व्होल्ट, पण न्यूट्रल-अर्थ १८ व्होल्ट. हा आकडा दोन-तीनच्या आत हवा. काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. खड्ड्यात वर्षानुवर्षे पाणी घातलेले नव्हते. वायरमनने खड्डा पुन्हा मीठ-कोळशाने भरला, गंजलेला जोड बदलला आणि पाणी घातल्यावर आकडा २ वर आला. कॉम्प्युटर, इंटरफेस आणि स्पीकर एकाच बोर्डावर घेतले, घुमारा गेला. अर्थची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' आधी कुणीतरी सुचवला होता. तो जिवावर बेतू शकतो, माईक हातात धरलेल्या गायकाच्या तर नक्कीच.

समोर असलेले पर्याय

इतके झाल्यावर जुने मशीन बऱ्यापैकी चालू लागले. मग खरेदी करायचीच कशाला, हा प्रश्न दोघांनी प्रामाणिकपणे विचारला. उत्तर दोन गोष्टींनी दिले. एच-८१ बोर्डावर रॅमच्या दोनच जागा आणि मर्यादा १६ जीबी. आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली असून विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीवर ते रीतसर चढत नाही.

कंपन्यांतून निघालेला वापरलेला डेस्कटॉप सर्वांत स्वस्त पडत होता. पण अशा अनेक मशीनचे एसएमपीएस आणि बोर्डाचे कनेक्टर नेहमीच्या मापाचे नसतात. ऐन हंगामात काही जळाले तर जळगावच्या दुकानातून भाग आणून बसवता येणार नाही. लॅपटॉप लाईट गेल्यावर चालतो खरा, पण ४२ अंशांच्या खोलीत त्याचा वेग लवकर उतरतो आणि पंखा माईकपासून हातभरावर किंचाळतो. मॅक मिनीचा विचार गांभीर्याने झाला. एम-४ चा मूळ प्रकार १६ जीबीचा, अगदी शांत आणि कमी वीज खाणारा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला आम्ही तो बिनधास्त सुचवू. इथे मात्र शेकडो जुने प्रकल्प विंडोजवरचे होते, काही प्लगइन फक्त विंडोजचे होते आणि मॅकची रॅम नंतर वाढवता येत नाही.

उरली नवी जोडणी. रायझन ५ ७६०० की आय-५ १२४०० यावर बरीच चर्चा झाली. एका कोअरच्या जोरात रायझन पुढे आहे आणि त्याच्या बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर बसण्याची शक्यताही जास्त. पण त्याला डीडीआर-५ च लागते आणि त्या वेळी मेमरीचे भाव चढे होते. त्याच पैशांत ३२ जीबी बसत नव्हती. १२४०० मध्ये सहा कोअर, सगळे एकाच जातीचे, त्यामुळे कोणते काम कुठल्या कोअरवर जाईल याची चिंता नाही. चित्रासाठी ग्राफिक्स आतच आहे आणि तो डीडीआर-४ बोर्डावर चालतो. या कामात आधी रॅम भरून घ्यायची आणि प्रोसेसर एक पायरी खाली घ्यायचा, हे आमच्या मते बरोबर होते. ज्याच्या गाण्यांत सँपल कमी आणि जड सिंथ (प्रोसेसरने तिथल्या तिथे घडवलेले सूर) जास्त, त्याने उलट करावे.

भागांची निवड

मदरबोर्ड बी-७६० घेतला, रॅमच्या चार जागांचा डीडीआर-४ प्रकार. एच-६१० दोन-तीन हजारांनी स्वस्त होता. पण त्यात बहुधा दोनच जागा आणि वीज पुरवणाऱ्या भागावर हीट सिंक नाही. तापलेल्या खोलीत हीच बचत महागात पडते.

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या, ३२०० वेगाची एकाच पाकिटातली जोडी. दुकानदार ३२ ची एकच पट्टी देत होता. एका पट्टीवर मेमरीची एकच वाहिनी चालते, म्हणून जोडीचा आग्रह धरला.

साठवणीसाठी दोन एनव्हीएमई (थेट मदरबोर्डावर बसणाऱ्या वेगवान एसएसडी) : ५०० जीबी विंडोज आणि सॉफ्टवेअरला, १ टीबी सँपलला. रेकॉर्डिंगला खरे तर वेगवान डिस्क लागतच नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट घेतो, पन्नास ट्रॅकचे जेमतेम ७ मेगाबाइट होतात. साधी हार्ड डिस्कही ते पेलते. सँपलचे वाचन मात्र हजारो बारीक तुकड्यांत, कुठूनही होते. तिथे हार्ड डिस्क धापा टाकते आणि साधी एनव्हीएमईसुद्धा आरामात चालते. म्हणून सर्वांत वेगवान मॉडेलवर पैसे घातले नाहीत.

एसएमपीएस ५५० वॅट, गोल्ड दर्जाचा. १२४०० जास्तीत जास्त ११७ वॅट घेतो, बाकी सगळे मिळून पन्नासेक. म्हणजे एसएमपीएस कायम तिसऱ्या हिश्श्याच्या आतच चालतो, त्याचा पंखा हळू फिरतो आणि भाग कमी तापतात. ३५० वॅटनेही काम झाले असते, पण त्या गटात चांगला दर्जा मिळणे अवघड. कॅबिनेट जाळीच्या तोंडाचे, पुढे काढता-धुता येणारी धूळजाळी, आत हवा घेणारे दोन १२० मिमी पंखे आणि बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ ओढली जात नाही. प्रोसेसरवर १२० मिमी पंख्याचा टॉवर हीट सिंक. त्याच्या पाकिटात या प्रोसेसरच्या एलजीए १७०० सॉकेटची पट्टी आहे का हे आधी बघितले, कारण जुन्या सॉकेटची छिद्रे ७५ मिमीवर आणि याची ७८ वर असतात.

यूपीएस १००० व्हीएचा, शुद्ध साइन वेव्ह देणारा आणि व्होल्टेज सावरणारा. संध्याकाळी पंप चालू असताना इथे व्होल्टेज १९० च्या खाली येते, मध्यरात्री २५० च्या वर जाते. शिवाय आधुनिक एसएमपीएस चौकोनी लहरीच्या स्वस्त यूपीएसवर कधीकधी बंद पडतो.

जोडणी आणि सेटिंग

फेब्रुवारीच्या अखेरीस, हंगामाआधी मशीन जोडले. जुने मशीन न मोडता महिनाभर बाजूला तयार ठेवले. तो निर्णय फार चांगला होता. जुन्यावरचे प्लगइनचे परवाने एकेक करून बंद केले आणि मगच नव्यावर चालू केले. एक निसटला आणि त्यासाठी कंपनीला मेल लिहून चार दिवस थांबावे लागले.

रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत बसवल्या. बायोस (मदरबोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून एक्सएमपी (रॅमचा छापील वेग लागू करणारी सोय) चालू केले, रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ रात्रभर चालवला. प्रोसेसरची वीजमर्यादा दोन्ही जागी (सततची आणि थोड्या वेळाची) ६५ वॅटवर बांधली. बोर्ड ती आपोआप मोकळी सोडतात. पंख्याला तापमान वाढल्यावर काही सेकंद थांबून मग वेग वाढवायला सांगितले, नाहीतर प्रत्येक सूर लांबला की पंखा वर-खाली होतो आणि ते माईकमध्ये येते.

विंडोज ११ कोरे टाकले. आधी चिपसेट आणि ग्राफिक्सचे ड्रायव्हर, शेवटी इंटरफेसचा, आणि एकही प्लगइन टाकण्याआधी लेटन्सीमॉन. कमाल आकडा २०० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला. वायफाय नाही, केबल ओढली. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स', यूएसबीचा 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद, अँटिव्हायरसमधून सँपलचे फोल्डर वगळले. प्रोसेसरच्या सी-स्टेट (रिकाम्या वेळी वीज वाचवणाऱ्या अवस्था) बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. इथे तो मुद्दाम पाळला नाही, कारण रिकामे बसलेले मशीनही त्यामुळे तापते आणि मोजणीत गरज दिसत नव्हती.

सुरुवातीलाच दोन गोष्टी बिघडल्या. इंटरफेस सोयीसाठी पुढच्या यूएसबीत लावला होता, तो दर काही मिनिटांनी सुटायचा. मागच्या, थेट बोर्डावरच्या यूएसबी २.० त लावल्यावर थांबले. दुसरी गोष्ट जास्त त्रासाची. लाईट गेली की नवा यूपीएस टिकटिक करत बॅटरीवरच राहायचा आणि बॅटरी संपवायचा. त्याला वीज येत होती घरच्या चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरमधून, आणि ती लहर तो स्वीकारत नव्हता. जुना कॉम्प्युटर बंद पडण्याचे कारणही याच रेषेवर होते. एसएमपीएस विजेविना साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरला पलटायला त्याहून जास्त वेळ लागत होता. स्टुडिओचा बोर्ड इन्व्हर्टरच्या लाईनवरून काढून थेट मेनवर घेतला. आता लाईट गेली की यूपीएसवर टेक पूर्ण करतात, सेव्ह करतात आणि मशीन बंद करतात.

निकाल

तुलना एकाच प्रकल्पावर केली : लग्नाचे एक गाणे, ४६ ट्रॅक. जुन्या मशीनवर ते साफसफाईनंतरही ५१२ च्या बफरला अडखळत होते. नव्यावर १२८ ला पूर्ण वाजते आणि गायन ६४ ला घेता येते. मे महिन्यात खोली ४३ अंशांवर, डेझर्ट कूलर बंद, सलग टेक चालू, तेव्हा प्रोसेसर ७९ च्या पुढे गेला नाही. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत हेच मशीन साठीच्या घरात असते. खोलीचे तापमान जसेच्या तसे प्रोसेसरच्या आकड्यात मिळवायचे असते. परदेशी चाचण्यांमधले आकडे म्हणूनच इथे वाचताना वीसेक अंश वाढवून वाचावेत.

पंख्याचा बारीक आवाज तरीही कंडेन्सर माईकला ऐकू येत होता, हळू आवाजातल्या ओव्यांत जास्तच.

वेगळे काय करता आले असते

त्या आवाजावर घाईने केलेला उपाय चुकला. सुताराकडून कॅबिनेटसाठी बंद लाकडी पेटी करून घेतली आणि तासाभरात आतली हवा ५० च्या पुढे गेली. पेटी काढून मशीन भिंतीपलीकडच्या बोळात ठेवले, भिंतीला एक छिद्र पाडून केबल आत घेतल्या. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंतच धरायची, त्यामुळे इंटरफेसची जागा त्या मापात बसवावी लागली. हे खरेदीआधीच ठरले असते तर शांत पंख्यांवरचा काही खर्च वाचला असता आणि पेटीचा पूर्ण.

अर्थिंग आणि इन्व्हर्टरची लाईन हे वायरमनचे एकाच खेपेचे काम होते, ते दोन खेपांत झाले. न्यूट्रल-अर्थ मोजले त्याच दिवशी बोर्ड कुठल्या लाईनवर आहे हेही बघायला हवे होते.

८० हजारांच्या हिशेबात विंडोजचा परवाना धरलाच नव्हता. जुन्या मशीनसोबत आलेला परवाना त्या मदरबोर्डाला बांधलेला होता, नव्यावर चालला नाही. तो खर्च वरचा झाला.

यूपीएस सुरुवातीला पश्चिमेच्या भिंतीला लागून होता, दुपारनंतर ती भिंत तव्यासारखी तापते. लेड-ॲसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना साधारण निम्मे होते. आता तो बोळातच, जमिनीलगत आहे.

रॅम ६४ जीबी घ्यायला हवी होती का, यावर भावांचे एकमत नाही. धाकट्याला हवी होती. तूर्त मोठ्यातला मोठा प्रकल्प २१ जीबीपर्यंत जातो. मागणी २६ च्या पुढे नियमित जाऊ लागली की उरलेल्या दोन जागांत त्याच मॉडेलची दुसरी जोडी घालायची असे ठरले आहे. त्यासाठी पाकिटावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक बिलाच्या मागे लिहून ठेवला आहे. चार पट्ट्या लावल्यावर ३२०० चा वेग टिकला नाही तर २९३३ वर उतरवायचा. या कामात त्या फरकाने काही अडत नाही.